धंदा नोकरी, राहणार अष्टमी

जुन्या खरेदीखताची सुरुवात ठरलेली असते. लिहून घेणार अमुक, वय अदमासे चाळीस, धंदा नोकरी, राहणार अष्टमी, तालुके रोहे, जिल्हा कुलाबा. लिहून देणार तमुक, वय अदमासे पन्नास, धंदा शेती. मग जमिनीच्या चतुःसीमा, मग रुपये अक्षरी, मग साक्षीदार. कागद उलगडणारा नातू जमिनीच्या शोधात असतो, म्हणून त्याची नजर सरळ सर्व्हे नंबरावर जाते. ‘धंदा नोकरी’ या दोन शब्दांपाशी तो थांबत नाही. थांबला तरी त्याला कळणार काय? नोकरी कुणाची, कसली, दरमहा किती, काही लिहिलेलं नसतं. आणि लिहिलेलं असलं तर कोडं आणखी वाढतं. ‘नाझर’, ‘शिरस्तेदार’, ‘पोतदार’, ‘दप्तरी’, ‘जमादार’. घरात कुणीतरी सांगतं, आमचे पणजोबा जमादार होते. धाकट्या काकांच्या डोळ्यांसमोर कमरेला तलवार येते, आत्याच्या डोळ्यांसमोर हातात खराटा. दोघांचंही चूक नाही. ‘जमादार’ या एकाच शब्दाने दोनशे वर्षांत या दोन्ही टोकांच्या माणसांना नाव दिलं आहे.

म्हणून पदाचा अर्थ शब्दकोशात शोधण्याआधी कागदावरचं साल बघावं. या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच, आणि त्यासाठी अष्टमीसारखी जागा शोधून सापडणार नाही.

कुंडलिकेच्या एका काठावर रोहे, समोरच्या काठावर अष्टमी. आज मधे पूल आहे आणि नगरपालिका दोघांची मिळून एकच. पण जुना रस्ता पाण्याचा. खाली रेवदंड्याला नदी समुद्राला मिळते, तिथून भरतीच्या पाण्यावर होड्या वर रोह्यापर्यंत यायच्या आणि भात भरून मुंबईला जायच्या. मुंबईच्या पोटाला लागणाऱ्या तांदळाची ही मोठी पेठ. खाडीच्या तोंडाशी चौल आणि कोर्लई, तिथे 1740 पर्यंत पोर्तुगीज. पाठीशी अवचितगड. पश्चिमेला अलिबागला आंग्रे, दक्षिणेला जंजिऱ्याचा सिद्दी. इतक्या सत्तांची ये-जा जिथून झाली तिथे पदांच्या नावांचाही गाळ थरावर थर साचला. आपण महिन्याच्या पहिल्या तारखेला ज्याची वाट पाहतो तो ‘पगार’ पोर्तुगीजांचा, घर बांधणारा ‘मेस्त्री’ पोर्तुगीजांचा, सरकार जप्ती आणून पुकारतं तो ‘लिलाव’ही त्यांचाच. इंग्रजांनी कचेरीतल्या शिपायाला ‘प्यून’ म्हटलं, तो शब्दसुद्धा मुळात पोर्तुगीजांच्या पायदळातल्या सैनिकाचा.

1674 च्या मे महिन्यात हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रज वकील शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी मुंबईहून निघाला तो याच वाटेने. चौल, तिथून खाडीने रोहे, मग जमिनीवरून निजामपूरमार्गे रायगड. त्याच्या बाजूने बोलणारा माणूस होता नारायण शेणवी. पद दुभाष्याचं. इंग्रजांच्या कागदांत हे पद भाषापंडिताच्या शब्दाने लिहिलेलं असतं, पण नारायण शेणव्याने व्याकरण लिहिलं नाही. त्याने दरबारातल्या बातम्या काढल्या, कुणाला कोणता नजराणा द्यायचा ते सुचवलं, तहाची कलमं इकडून तिकडे नेली. आजच्या हिशेबात तो अर्धा राजदूत आणि अर्धा दलाल. पदाचं नाव आणि प्रत्यक्ष काम यांत किती अंतर पडतं, त्याचा या वाटेवरचा हा मोठा जुना दाखला.

शिवकाळात आणि पुढे पेशवाईत ‘हवालदार’ म्हणजे किल्ला ज्याच्या हवाली केला आहे तो. किल्ल्यावर त्याच्या बरोबरीने सरनौबत आणि सबनीस, पण किल्ल्या हवालदाराच्या कमरेला. अवचितगडासारख्या गडाचा हवालदार रात्री दरवाजा बंद केल्यावर भल्याभल्यांना आत घेत नसे. ‘सुभेदार’ म्हणजे सुभ्याचा धनी. ‘फौजदार’ मोगलाईत एका मुलखाची फौज राखणारा. ‘कोतवाल’ अख्ख्या शहराचा पोलिसप्रमुख; पुण्याच्या घाशीराम कोतवालाचा 1791 मध्ये लोकांनी शेवट केला, तो त्याच्या हातात केवढी सत्ता होती याचाच पुरावा.

1818 मध्ये पेशवाई बुडाली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने दुसऱ्याच वर्षी जिंकलेल्या मुलखाचा सविस्तर अहवाल लिहिला. त्याचं धोरण असं की चालत आलेली घडी फार विसकटू नये. नावं तशीच राहिली. ती ज्यांना लावायची ती माणसं मात्र दर पिढीला एक एक पायरी खाली आणली गेली. सुभेदार देशी पलटणीतला हुद्देदार झाला. गोऱ्या पोरसवदा लेफ्टनंटाला सलाम ठोकणारा. हवालदार त्याच्याही खाली. फौजदार म्हणजे ठाण्यावरचा पोलीस अधिकारी. तलवार धरणारा ‘शिपाई’ साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसला. कमरेला पट्टा आणि त्यावर पितळी बिल्ला आला तेव्हा लोक त्याला ‘पट्टेवाला’ म्हणू लागले. कोतवाल तर गावात तलाठ्याचं दप्तर काखोटीला मारून हिंडू लागला. घाशीरामाच्या खुर्चीपासून तलाठ्याच्या दारापर्यंत एकाच शब्दाने केलेला हा प्रवास आहे.

जमादाराचंही तेच. मुळात जमावाचा, म्हणजे टोळीचा नायक. आंग्र्यांच्या पदरी असेल तर अरब-सिंधी शिबंदीचा म्होरक्या. इंग्रजी पलटणीत सुभेदाराच्या हाताखालचा अधिकारी. पोलिसांत हवालदारासारखा. आणि विसाव्या शतकात, शहरांतून, सफाई कामगाराला तोंडदेखला मान म्हणून दिलेली हाक. आता यात ‘जामदार’ मिसळू नका. तो वेगळाच. जामदारखाना म्हणजे दागिने, वस्त्रं, मौल्यवान चीजवस्तू ठेवायची जागा, आणि तिचा अधिकारी तो जामदार. एका काना-मात्रेच्या फरकाने माणूस फौजेतून खजिन्यात जातो. मोडीत तर हा फरक डोळ्यांत तेल घालून बघावा लागतो, कारण मोडीत ऱ्हस्वदीर्घाची फिकीर कुणी करत नसे आणि घाईत काना कधी ओढला कधी राहिला.

असे फसवे जोड बरेच आहेत. ‘दफ्तरदार’ हा कलेक्टरच्या कचेरीतला एके काळी सर्वांत वरचा देशी अधिकारी, ‘दप्तरी’ मात्र कागद रेघाटणारा, रुमाल बांधणारा, डिंकाने पाकिटं चिकटवणारा. ‘कारखानीस’ आडनाव ऐकून गिरणीमालक आठवत असेल तर सांगतो, जुना कारखाना म्हणजे कोठार. गडावरचं धान्य, दारूगोळा, सामान याचा हिशेब ठेवणारा तो कारखानीस. शेवटी ‘नीस’ आलं की समजावं, लेखणीचा माणूस. फारसीतला ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा, आपल्याकडे येऊन नीस झाला. चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस, फर्दा लिहिणारा फडणीस, फारसी लिहिणारा पारसनीस, पोत्यातल्या नाण्यांचा हिशेब लिहिणारा पोतनीस. ‘शिरस्तेदार’ हा शब्द मला यांत सर्वांत आवडतो. फारसीत रिश्ता म्हणजे धागा. सर-रिश्ता म्हणजे धाग्याचं टोक. कागदांच्या गुंत्यात धाग्याचं टोक ज्याच्या हातात तो शिरस्तेदार. जिल्हा न्यायालयात कधी एखाद्या जुन्या खटल्याची नक्कल मागायला गेला असाल तर या व्युत्पत्तीत काही अतिशयोक्ती नाही हे तुम्हाला पटेल.

आता नावं सोडून प्रत्यक्ष काम बघू. साल धरू 1885. कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, हा स्वतंत्र जिल्हा होऊन सोळा वर्षं झालीत. जेम्स कॅम्बेलचं कुलाबा-जंजिरा गॅझेटिअर दोन वर्षांपूर्वी छापून आलंय. अष्टमीच्या पलीकडच्या एखाद्या रयतवारी गावातल्या कुणब्याने सरकारी धाऱ्याचा हप्ता भरायचा आहे. त्या चार-सहा रुपयांच्या मागे जाऊ.

कुणबी रुपये घेऊन चावडीवर येतो. तिथे मुलकी पाटील आणि तलाठी बसलेले. तलाठी हे कोकणचं वैशिष्ट्य. घाटावर गावचा हिशेब वंशपरंपरेच्या कुलकर्ण्याकडे. बाप गेला की मुलगा, मुलगा अज्ञान असेल तर गुमास्ता. कोकणात सरकारने त्या जागी पगारी माणूस नेमला. त्याच्याकडे काही गावं, त्यांचा मिळून एक ‘सजा’. या अर्थाच्या सजेला शिक्षा समजून हसणारे शहरी लोक मी पाहिलेत, आणि शिक्षाच समजणारे तलाठीही. कुलकर्णी गावचा मालकच असल्यासारखा, तलाठी बदलीचा. गावाला कुलकर्ण्याची भीती पिढ्यान्‌पिढ्यांची, तलाठ्याची तीन-चार वर्षांची.

रुपये गोळा झाले की थैली शिवली जाते. ती नदीपलीकडे रोह्याच्या कचेरीत न्यायची. पाटील बरोबर असतो, पण थैली महाराच्या डोक्यावर. सरकारी वसूल खजिन्यात पोचवणं, साहेबाचा तळ पडला की लाकूडफाटा-गवत आणणं, टपाल पुढच्या गावाला देणं, वेशीची आणि शेतांच्या बांधांची खूण सांगणं, मेलेल्याची बातमी कळवणं, ही सगळी कामं महार वतनात. कामाला वेळ नाही, रात्र नाही, आणि मोबदला म्हणजे तुटपुंजी इनाम जमीन आणि गावाने दिलं तर बलुतं. हे पद ब्रिटिश राज्ययंत्राच्या पायाशी होतं आणि त्यावरच सगळा डोलारा उभा होता. गॅझेटिअरात मात्र त्याच्या वाट्याला थोडक्या ओळी.

तरीने नदी ओलांडून थैली कचेरीत येते. तिथे पोतदार. एके काळी हा फार मोठा माणूस होता. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, सुरती, आपल्याकडे आंग्र्यांचा अलिबागी असे कितीतरी रुपये चालायचे, प्रत्येकाचा कस वेगळा, प्रत्येकाचा बट्टा वेगळा. पोतदार रुपया बोटावर उडवायचा, दगडावर आपटून नाद ऐकायचा, आणि त्याच्या तोंडून निघालं ते सरकारला मान्य. 1835 मध्ये कंपनी सरकारने सगळीकडे एकाच वजनाचा, एकाच कसाचा रुपया आणला आणि पोतदाराचा कान बिनकामाचा झाला. 1885 च्या पोतदाराचं काम मोजायचं, खोटा रुपया आढळला तर कापायचा. नाव तेच, विद्या गेली.

पोतदाराकडून आकडा अव्वल कारकुनाकडे. अव्वल म्हणजे पहिला, कारकुनांतला थोरला. मामलेदार फिरतीवर असेल तर कचेरी याच्या शब्दावर चालायची. अव्वल कारकून वयाने मोठा, तालुका कोळून प्यालेला, आणि मामलेदार हा परीक्षा देऊन आलेला तरुण, अशी जोडी तेव्हाच्या कचेऱ्यांत नेहमीची.

आणि मग स्वतः मामलेदार. पेशव्यांचा मामलतदार जवळजवळ छोटा राजाच. वसूल त्याचा, न्याय त्याचा, शिबंदी त्याची. पुण्याला रसद आगाऊ भरली की रयतेकडून ती कशी काढायची हा त्याचा प्रश्न. इंग्रजांनी त्याला ठरावीक दरमहा दिला, शिबंदी काढून घेतली, वर प्रांतसाहेब बसवला, त्याच्या वर अलिबागला कलेक्टर, म्हणजे ‘हुजूर’. तरीही तालुक्याला मामलेदार पुरे होता. तो वसूल घेई, मॅजिस्ट्रेट म्हणून दंड करी, वहिवाटीचे तंटे तोडी. या शेवटच्या अधिकारासाठी 1906 साली केलेला मामलेदार कोर्टाचा कायदा अजून चालू आहे. शेताकडे जाणारी वाट अडवली तर आजही त्याच कायद्याने अर्ज करतात, जरी अर्ज घेणाऱ्याला आता तहसीलदार म्हणत असले. मोठ्या तालुक्याचा एखादा भाग तोडून ‘महाल’ केला असेल तर तिथे महालकरी. पेण तालुक्यातल्या नागोठण्याला असा महाल होता. म्हणून पेणच्या एखाद्या घरात ‘आजोबा नागोठण्याला महालकरी होते’ असं ऐकलं तर तिथे राजवाडा शोधू नये.

लोकांनी सरकार कधी पाहिलं असेल तर मामलेदाराच्या रूपात. याच जिल्ह्यात चिरनेरला 25 सप्टेंबर 1930 च्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, त्यात सत्याग्रही शेतकरी पडले तसे मामलेदार जोशीही मारले गेले.

गावगाड्याच्या या उतरंडीत अष्टमीला जे आहे ते बाकी महाराष्ट्रात क्वचित दिसतं. इथे बेने इस्रायलांची वस्ती होती. कोकण किनाऱ्यावर शतकानुशतकं राहिलेले, घरात मराठी बोलणारे हे ज्यू. व्यवसाय तेल गाळण्याचा, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनवार तेली. आठवड्याची सुट्टी ही एखाद्या समाजाची ओळख व्हावी, त्यावरून धंद्याचं नाव पडावं, याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. आडनावं गावांवरून: पेणकर, नवगावकर, दिवेकर, रोहेकर, आणि अर्थात अष्टमकर. जगात कुठेही अष्टमकर भेटला तर त्याचा धागा कुंडलिकेच्या काठाला लागतो.

या समाजाने धंदा बदलला तो इंग्रजांच्या पलटणीत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबईच्या देशी पलटणींत बेने इस्रायल भरती होऊ लागले आणि संख्येच्या मानाने त्यांच्यातून सुभेदार, सुभेदार मेजर फार निघाले. सॅम्युएल इझिकेल दिवेकर, म्हणजेच सामाजी हसाजी, हा कंपनीचा देशी अधिकारी टिपूच्या कैदेत पडला, सुटून आला, आणि 1796 मध्ये त्याने मुंबईत या समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं. तेव्हा या जिल्ह्यातल्या ज्यू घराण्यात ‘सुभेदार’ सापडला तर तो पलटणीतला, मराठा घराण्यात सापडला तर आधी साल बघायचं. पुढच्या पिढ्या रेल्वे, टपाल, सर्व्हे खात्यांत कारकून आणि ओव्हरसियर झाल्या. घाण्यापासून टेबलापर्यंत दोन-तीन पिढ्यांचं अंतर.

पण खरी गंमत सिनेगॉगच्या आत आहे. तिथल्या कारभाऱ्यांत हज्जान, म्हणजे प्रार्थना सांगणारा, आणि गबई, म्हणजे खजिनदार, हे हिब्रू शब्द, आणि त्यांच्या शेजारी मुकादम, चौगुला आणि काजी. मुकादम हा शब्द शिवकाळातल्या कागदांत ‘मोकदम’ असा येतो आणि त्याचा अर्थ पाटील. चौगुला पाटलाच्या हाताखालचा. म्हणजे समाजाने आपला कारभार उभा करताना गावाची चावडीच देवळात नेली. काजीची गोष्ट आणखी निराळी. परंपरेनुसार डेव्हिड रहाबी नावाच्या धर्मशिक्षकाने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतून धर्मविधी सांगणारे निवडले, आणि त्यांना काजी म्हणू लागले. अष्टमीत कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती. त्यांच्यात काझी, खतीब, मुकादम, सरखोत ही आडनावं आहेतच. म्हणजे याच किनाऱ्यावरच्या कागदात ‘काजी’ लिहिलं असेल तर तो निकाह लावणारा की ज्यूंच्या मुलाची सुंता आणि लग्न करणारा, हे शेजारच्या नावावरून ठरवायचं. आणि ‘मुकादम’ म्हटलं की तिघे चौघे पुढे येतात: पाटील, सिनेगॉगचा प्रमुख, मुंबईच्या गोदीतला हमालांचा नायक, आणि आज उसाच्या फडावर टोळी नेणारा.

पेणच्या बाजूला खाडीकाठी एक पद होतं, ते घाटावरच्या माणसाला सांगून समजत नाही. शिलोत्रदार. समुद्राचं पाणी बांध घालून हटवायचं, आत जमीन तयार करायची, तिला खार म्हणतात. ज्याने मुळात बांध घातला त्याची ती शिलोत्री. बाहेरचा मोठा बांध दुरुस्त ठेवणं त्याच्याकडे, त्याबद्दल आतल्या कुळांकडून तो धान्य घेई. जिथे कुळांनी एकत्र येऊन बांध घातला ती कुळारग. पावसाळ्यात उधाणाला बांधाला खांड पडली की रात्री हाकारा होई आणि माणसं चिखल-पेंढा घेऊन धावत. इंग्रजांच्या मोजणीदाराला हे पद कुठल्या रकान्यात घालावं कळेना: जमीनदार म्हणावं तर जमीन कुळाची, ठेकेदार म्हणावं तर हक्क वंशपरंपरेचा. खोताचं, म्हणजे गावाचा सारा वसूल करून सरकारला भरणाऱ्याचं, तसं नव्हतं. खोत सरकारला सोयीचा, म्हणून त्याची पकड वाढत गेली. 1933 पासून अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली खोतांची जमीन कसायची नाही असा संप केला, आणि 1937 मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं बिल आणलं. खोती गेली ती 1949 च्या कायद्याने. शिलोत्रदार मात्र कुणाच्या लक्षात न येता विरघळला. बांधाची जबाबदारी पुढे सरकारी खारभूमीच्या योजनांकडे गेली आणि बांध फुटायचे ते फुटतच राहिले.

रानातल्या नावांविषयी थोडंच लिहितो. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. 1878 च्या जंगल कायद्यानंतर खैराला हात लावणं गुन्हा झाला, कात गेला, कातकरी कोळशाच्या भट्ट्यांवर लागला. धंदा मेला आणि जमातीचं नाव होऊन उरला. 1892 मध्ये ठाणे-कुलाब्यासाठी खास मोहाच्या फुलांचा कायदा झाला. आपल्या दारातली फुलं वेचणाऱ्यावर अबकारीचा शिपाई नजर ठेवू लागला. टपालाचा रनर भाल्याला घुंगरू लावून घाट चढे. आणि ‘देवी डॉक्टर’ पोरांच्या दंडावर देवी काढायला आला की गावातल्या आया पोरांना माळ्यावर लपवत.

या सगळ्या यादीत बाई कुठे आहे? खरेदीखतात ती असते. ‘धंदा घरकाम’. घाण्याला बैलामागे चालणारी, उखळात भात सडणारी, बाजारात मासळीची पाटी उतरवणारी, रात्री-अपरात्री बाळंतपणं करणारी सुईण, सगळ्यांचा धंदा घरकाम. सहीच्या जागी तिची निशाणी मात्र बोलकी: बांगडी. मराठेशाहीच्या महजरांवर पाटील नांगर काढी, पेठेचा शेट्या तराजू. सही करता न येणारा माणूस आपलं अवजार काढायचा आणि वाचणाऱ्याला त्याचं काम कळायचं. पुढे त्या जागी डाव्या हाताचा अंगठा आला. अंगठ्यावरून माणूस पक्का ओळखता येतो, पण तो काय करत होता हे कळत नाही.

रोह्याच्या एका घराण्यात हा सगळा इतिहास एका आडनावात मावतो. देशमुख हे परगण्याचं पद. वसुलीवर देखरेख त्याची, हिशेब देशपांड्याचा. इंग्रजांनी हळूहळू काम काढून घेतलं, मानमरातब आणि नक्त नेमणूक ठेवली, आणि नोकरीऐवजी रक्कम कापून घेऊन ही वतनं मोकळी केली. पद संपलं, आडनाव राहिलं. रोह्यात वकिली करणाऱ्या द्वारकानाथ देशमुखांचा मुलगा चिंतामण 14 जानेवारी 1896 रोजी महाडजवळ नाते इथे जन्मला, आय.सी.एस. झाला आणि मध्य प्रांतात त्याने सेटलमेंट ऑफिसर म्हणून काम केलं. सेटलमेंट म्हणजे जमिनीचा धारा ठरवणं. आडनावातल्या पूर्वजांचं काम तो इंग्रजी पदनामाखाली, दुसऱ्या मुलखात, पगारावर करत होता. 1943 मध्ये तो रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला. एक रुपया बोटावर उडवून पाहणारा पोतदार आणि नोटेवर सही करणारा गव्हर्नर एकाच तालुक्याच्या आठवणीत शेजारी बसतात.

या पदांच्या शेवटाची सुरुवात कागदावर झाली. महार वतन मोडण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्येच बिल आणलं होतं. ते तेव्हा पार पडलं नाही. परगणा व कुलकर्णी वतनं 1950 च्या कायद्याने गेली. महारांसकट कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा 1958 चा, त्याचा अंमल 1 ऑगस्ट 1959 पासून. मुलकी पाटलाचं पद 1962 च्या कायद्याने रद्द झालं, पोलीस पाटील तेवढा राहिला. त्र्यंबक नारायण आत्र्यांनी 1915 मध्ये ‘गाव-गाडा’ लिहिला तेव्हा ही सगळी माणसं चालती-बोलती होती. ते स्वतः महसूल खात्यात काम केलेले, म्हणून त्यांच्या पुस्तकात पद आणि माणूस वेगळे पडत नाहीत. जुन्या पदांचा अर्थ लावायचा असेल तर एका हाताशी ते आणि दुसऱ्या हाताशी 1857 ची मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती असावी. मोल्सवर्थ शब्दाचा त्याच्या काळातला अर्थ देतो, आजचा नाही, आणि आपल्याला तोच हवा असतो.

काही शब्द अजून हटायला तयार नाहीत. दुकानाच्या नोंदणीला लोक अजून ‘गुमास्ता लायसन’ म्हणतात. सावकाराचा वा पेढीचा मुनीम म्हणजे गुमास्ता, हे दुकानदाराला माहीतही नसतं. कोर्टात समन्स-जप्तीची बजावणी बघणारा नाझर आहे, बेलीफ आहे. रोह्यात ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते तेव्हा पोलीस सशस्त्र सलामी देतात, आणि त्या रांगेत हवालदार उभा असतो. अलीकडे सरकारने तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं ठरवलं, कोतवालाला महसूल सेवक. शंभर वर्षांनी कुणीतरी हे पदनामही साल न बघता वाचेल.

कुंडलिकेला पूर येतो. अष्टमी-रोह्याच्या जुन्या घरांत माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या मागच्या फडताळात मोडीचे रुमाल अजून आहेत. वाळवी लागलेला कागद एकदा उन्हात घालून फोटो काढून ठेवा, मोडी वाचणाऱ्याला दाखवा, आणि त्याला आधी साल विचारा. जमीन कुणाची होती ते नंतर.